ओट्यावरचं भरीत

थंडी पडली की लोकांचे गुडघे दुखतात, माझं डोकं तापतं. दिवाळी होऊन पंधरवडा उलटतो, सकाळी माणसं कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाड्यांभोवती उभी राहायला लागतात, बाजारात ती हिरवीगार, लांबोडकी, पांढऱ्या रेघांची वांगी ढिगानं येऊन पडतात. संध्याकाळी वाऱ्यावर पऱ्हाट्यांचा धूर येतो. कपाशी वेचून झाली की उरलेल्या त्या वाळक्या काटक्या, त्यांच्या जाळावर वांगं भाजलं की येणारा वास जगात दुसऱ्या कशाला नाही. या वासानं माणसं खूश होतात. मी खिडकी लावून घेते.

परवा पुतण्याच्या सुनेचा फोन आला. सुप्रिया गोड मुलगी आहे, तिचा दोष नाही. म्हणाली, "आजी, यंदा आपल्या समाजाची भरीत पार्टी मळ्यात ठेवलीय. स्मरणिका काढतोय आम्ही. तुम्ही जुन्या काळच्या भरिताबद्दल लिहा ना. नानांच्या वेळी घरात कसं सगळे एकत्र बसून गरमगरम जेवायचे, तसलं काहीतरी."

सगळे एकत्र बसून. गरमगरम. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात उगाच दोन भांडी आपटली. या वयात माणसानं शांत व्हावं म्हणतात. कोण म्हणतं, ते मला माहीत आहे. ज्यांना कधी संतापायची वेळ आली नाही, ते म्हणतात.

तर लिहिते. छापायचं तर छापा.

माझं माहेर जळगावचं. वडील रेल्वेत सांधेवाले होते. स्टेशनामागच्या चाळीत आम्ही राहायचो आणि पलीकडच्या बंगल्यांत गार्डसाहेब लोक, बहुतेक अँग्लो-इंडियन. देश स्वतंत्र झाला तशी त्यातली बरीच कुटुंबं बिऱ्हाडं मोडून निघाली. कुणी विलायतेला, कुणी आणखी कुठे. त्यातल्या एका गार्डाच्या बायकोनं जाता जाता माझ्या आईला एक भांडं दिलं. चिनी मातीचं, जाडजूड, पसरट, बाहेरून तपकिरी आणि आतून दुधासारखं. लोणच्याच्या बरण्या असतात ना, त्याच जातीचं, पण उथळ. दोन माणसांपुरतं जेमतेम. त्या बाईनं मोडक्या हिंदीत आईला सांगितलं होतं, की याला ज्योतीवर ठेवायचं नाही, गरम राखेत रोवायचं, वर तवा झाकायचा आणि तव्यावर निखारे ठेवायचे. खालून-वरून सारखा शेक लागतो. ती त्यात पाव-केकसारखं काहीतरी करायची. आईनं त्यात नानकटाई केली, बट्ट्या भाजल्या, खरवस केला. आम्ही त्याला "तपकिरी" म्हणायचो. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं त्यात कैरीचं लोणचं भरलं, वर फडकं बांधलं आणि ते माझ्यासोबत धुळ्याला पाठवलं. लोणच्याचं भांडं म्हणूनच ते सासरच्या घरात शिरलं. कुणी काही विचारलं नाही.

धुळ्याला आमचं घर गल्लीत होतं. खाली रस्त्याला लागून किराणा दुकान, दुकानापुढे दगडी ओटा, मागे आणि वर आम्ही. नाना म्हणजे माझे सासरे. उंच, गोरे, डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी. चळवळीत ते एकदा मिरवणुकीत चालले होते, त्यावर पुढची सगळी वर्षं लोक त्यांना देशभक्त म्हणत. झेंडावंदनाला त्यांना बोलावणं असायचं. स्वातंत्र्य या विषयावर फार चांगलं बोलायचे. घरात सासूबाई, माझे यजमान, धाकटा दीर मधू, आणि अक्का.

अक्का म्हणजे नानांची थोरली मुलगी, माझी नणंद. विशीच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिशीची असेल. तिच्या अंगावर कायम एकच जातीचं फिकट लुगडं. सुरुवातीची काही वर्षं तिचं डोकं दर महिन्याला भादरलं जायचं. पुढे सासूबाईंनी आजाराचं निमित्त करून ते थांबवलं होतं, तेवढं एक त्यांनी केलं. मी आले तेव्हा केस मानेपर्यंत वाढलेले होते आणि पदराखाली दडवलेले असत.

पहाटेपासून घरातला सगळा स्वयंपाक अक्का करायची. दळण, पाणी, भाकरी, सगळं. मी आल्यावर आम्ही दोघी. आधी पुरुष जेवायचे. मग दुकानातला माणूस. मग सासूबाई. मग मी. आणि सगळ्यांत शेवटी अक्का, दिवसातून एकदाच, उरेल ते. उरलेलं गारच असायचं. तिला कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही. चार माणसांत बसून जेवणं नाही. चुलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती जेवायची.

आणि घरातला लसूण सोलायचं काम कुणाचं? अक्काचं. रोज. नानांना ठेच्याशिवाय घास उतरत नसे. ती खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटायची, तो झणझणीत वास सगळ्या घरात सुटायचा, आणि मग ती हात धुऊन गार भाकरी ताकात बुडवून खायची. मी पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकीचं बघतोय. घरातल्या एकालाही त्यात काही दिसत नव्हतं.

आमच्याकडे चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद असायचं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि भाकरीचा नैवेद्य दाखवला की सगळ्यांचं सुटायचं. अक्काचा चातुर्मास कधी सुटत नव्हता.

तो हिवाळा माझ्या लग्नानंतरचा दुसरा. लोणचं संपलं म्हणून मी तपकिरी घासून ठेवली होती. पहिल्यांदा मी तिच्यात दही लावलं. पितळेच्या भांड्यात दही कळकतं, कल्हई उडाली की तोंडात घालवत नाही. तपकिरीतलं दही सुरीनं कापावं असं लागलं. मग एका दुपारी पुरुषांची जेवणं उरकून ते दुकानात गेले होते, सासूबाई आत लवंडल्या होत्या, चुलीत राख अजून धगधगत होती. समोर अक्काच्या वाटणीची गार भाकरी आणि वाटीभर वरण. मला एकदम आईचं आठवलं. मी भाकरी कुस्करली, वरणात कालवली, वरून तुपाचं बोट फिरवलं, तपकिरीत दाबून बसवलं आणि राखेत रोवून वर तवा झाकला. तव्यावर चार निखारे. अक्का नुसती बघत होती. थोड्या वेळानं तवा काढला, तर कडेनं सोनेरी पापुद्रा धरलेला आणि मधून वाफ.

अक्कानं घास तोंडात घातला आणि थांबली.

"गरम शे," ती म्हणाली.

"गरमच असणार. आत्ता काढलंय."

"नही वं," ती म्हणाली, जणू मला कळलंच नव्हतं. "गरम शे."

तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं चटका बसला. रडत होती. एवढी मोठी बाई, गरम घासासाठी. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे पेटलं ते आजतागायत विझलेलं नाही, आणि ते विझावं अशी माझी इच्छाही नाही.

मग तो आमचा रोजचा खेळ झाला. तपकिरी दोघींपुरतीच होती, हीच तिची मोठी सोय. मोठ्या पातेल्यात काही केलं असतं तर ते घरादाराचं झालं असतं. त्या एवढ्याशा भांड्यात कुणाला वाटा मागायला जागा नव्हती. डाळ भिजवून वाटायची, आंबट ताकात कालवायची, वर तीळ पेरायचे आणि राखेत ठेवायचं. कडेला कुरकुरीत, आत लुसलुशीत. पिकून काळी पडलेली केळी कुणी खात नसे, ती उभी चिरून गूळ आणि वेलदोडा घालून भाजायची, गुळाचा पाक कडेनं खदखदायचा. रात्रीची उरलेली खिचडी, वरून दही. कोवळ्या तुरीचे दाणे नुसत्या मिठात. एखाद दिवशी गव्हाच्या जाड कणकेची बट्टी, फोडून तुपात बुडवलेली. आंबट घातलं तरी त्या भांड्याला चव चढत नसे, आणि खाली उतरवल्यावरही ते कितीतरी वेळ ऊब धरून राहायचं. अक्का जेवण झाल्यावर त्याच्याभोवती दोन्ही तळवे लावून बसायची. बोलायला लागली ती. लहानपणी चोरून चिंचा खाल्ल्याचं सांगायची, सासरच्या गावच्या नदीचं सांगायची. नवऱ्याचं कधी नाही. त्याचा चेहरा आठवत नाही म्हणाली.

चंपाषष्ठी झाली. घरात भरीत झालं. अंगणात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून बडगी म्हणतात त्या लाकडी भांड्यात ठेचलं, शेंगदाणे, कांद्याची पात, वर कच्चं तेल. भाजलं अक्कानं, सोललं अक्कानं, ठेचलं अक्कानं. नाना म्हणाले, "असं भरीत आख्ख्या धुळ्यात व्हत नही." तिच्यासाठी एक वांगं मिठाबरोबर बाजूला काढलेलं होतं.

दुपारी तिनं ते वांगं तपकिरीत घातलं. मग टोपलीतून लसणीचा गड्डा घेतला. चार पाकळ्या सोलल्या, दोन हिरव्या मिरच्या घेतल्या, आणि माझ्याकडे बघितलं. माझी परवानगी तिला नको होती.

"रोज मीच सोलस," ती म्हणाली. "बोटेस्ले लसून शे, तोंडले नही."

आणि ठेचून टाकलं. राखेत भरीत भाजलं की त्याच्या कडा करपतात, लसूण गोड होतो, मिरची मऊ येते. पहिल्या घासाला ती खोकली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसत होती. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच भांड्यातून खात होतो, भिंतीकडे तोंड न करता, एकमेकींकडे बघत.

आत सासूबाई झोपलेल्या नव्हत्या. लसणाचा वास झोपू देत नाही. त्या सगळं ओळखून होत्या. एकदा मला म्हणाल्या, "अक्कानं तोंड भरी ऊनं." अक्काचा चेहरा भरलाय, एवढंच. मला वाटलं, या आपल्या बाजूच्या आहेत. नव्या सुनेला अशा आशा वाटतात.

संक्रांत होऊन गेली तेव्हाची गोष्ट. तिळगुळाचं सामान न्यायला दुकानात आलेली गर्दी ओसरली होती. दुपारी अक्का चुलीपुढे बसली होती, मांडीवर फडकं, फडक्यावर तपकिरी, तिच्यात भरीत. मी पाणी आणायला उठले होते. नाना कधी दुपारचे आत येत नसत. त्या दिवशी कसला तरी जुना मापाचा डबा हवा होता म्हणून आले आणि दारातच थांबले. मागे माझे यजमान आणि मधू.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

"भरीत," अक्का म्हणाली.

"लसून शे यामां?"

"शे."

नाना माझ्याकडे वळले. "तू दिधं तिले?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "मीच टाकं. मीच खादं. चंपाषष्ठीपासून खाई ऱ्हायनी."

नाना ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो. ते अगदी हळू आवाजात बोलले. तिच्या नवऱ्याच्या आत्म्याबद्दल बोलले. घराण्याच्या नावाबद्दल बोलले. उद्या समाजात कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या डोक्यावर गेली. पदर खांद्यावर पडला होता आणि केस दिसत होते.

"मन्हा घरमां हाई चालाव नही," ते म्हणाले. आणि मधूला म्हणाले, "जाय, न्हावीले बलाव."

मधू कॉलेजात शिकत होता. वादविवाद स्पर्धेत स्त्रीशिक्षणावर बोलून त्यानं बक्षीस आणलं होतं. तो क्षणभर घुटमळला आणि चपला घालायला लागला. मी यजमानांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, चौकटीला हात लावून. त्यांनी एकदा डोकं वाचवलं होतं अक्काचं. आज एक शब्द बोलल्या असत्या तर नानांना थांबावं लागलं असतं. नाना त्यांचं ऐकत, हे मला माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत. त्या परत आत गेल्या आणि जातं ओढत बसल्या. जात्यात दाणा नव्हता.

मी म्हटलं, "नाना, त्यांच्या केसांना हात लावायचा नाही." नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, "तुनी बायकोले सांग." आणि त्यानं मला सांगितलं! "तू आत जा," म्हणाला.

अक्का उठली. तिनं तपकिरी फडक्यासकट उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि मधूच्या बाजूनं, नानांच्या बाजूनं, सरळ दुकानात गेली. दुकानातून बाहेर. गल्लीत भर दुपारची वर्दळ होती. ती ओट्यावर बसली, पाय खाली सोडून, डोकं उघडं. आणि जेवायला लागली.

सगळी गल्ली थांबली. समोरच्या सराफाच्या पेढीवरची माणसं उठून उभी राहिली. तेलाची बाटली भरायला आलेली बाई बाटली तशीच हातात धरून बघत राहिली. अक्का घाई करत नव्हती. एकेक घास, चावून. बोटं चाटून. नाना दुकानाच्या आत, पोत्यांच्या मागे उभे होते. बाहेर येणं त्यांना शक्य नव्हतं. घरात ते काहीही करू शकत होते. गिऱ्हाइकांसमोर देशभक्त माणूस मुलीच्या हातातलं जेवण कसं हिसकावणार?

मी पाण्याचा तांब्या भरला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर गेले. या घरात आल्यापासून मी दुकानाच्या दारातून कधी बाहेर पडले नव्हते, आमचं येणंजाणं मागच्या बोळातून. मी तांब्या अक्काजवळ ठेवला आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

दुकानात त्या वेळी मालतीबाई आलेल्या होत्या. पिंपळनेरला त्या मुलींचं वसतिगृह चालवायच्या. डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली, शिकायला आणलेल्या. महिन्याचा किराणा न्यायला त्या धुळ्याला येत. खादीचं पातळ, पायात पुरुषी वहाणा, केस आखूड कापलेले. त्यांनी सगळं ऐकलं असणार, आतला आवाज दुकानात येतो. त्या ओट्याजवळ आल्या, भांड्यात डोकावल्या.

"हे कशात भाजलं?" त्यांनी विचारलं.

"राखमां," अक्का म्हणाली.

"ह्याच भांड्यात? तडकत नाही?"

"ज्योतवर ठेवं ते तडकस. राखमां नही."

जगात काहीच घडलं नसल्यासारखं त्या दोघी राखेबद्दल बोलत होत्या. मग मालतीबाई म्हणाल्या, "आमच्याकडे स्वयंपाकीण टिकत नाही. पोरी कच्चं खातात नाहीतर करपलेलं. याल का?"

अक्कानं शेवटचा घास घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "येसू."

न्हावी आला तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं, अक्का मागे सामान बांधायला गेली होती. मधूनं त्याला परत पाठवलं. नानांनी सासूबाईंकरवी निरोप दिला, की गेली तर पुन्हा या घराची पायरी नाही. अक्कानं दोन लुगडी एका गाठोड्यात बांधली. तपकिरी मी घासून तिच्या गाठोड्यात घातली. यजमान मला म्हणाले, "जाऊ दे आता. नानांचा राग दोन दिवसांचा. होईल शांत."

"तुमचा कुठे गेला?" मी विचारलं. "राग. तुम्हाला येतच नाही का?"

वाईट माणूस नव्हता तो. पुढे आयुष्यभर मला कधी अधिकउणं बोलला नाही. पण त्या दिवशी तो जमिनीकडे बघत उभा होता, आणि त्यानंतरच्या सगळ्या चांगल्या वागणुकीखाली मला ती जमीन दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, की अक्काला पोचवायला मी जाते, येत असाल तर या. तो मोटारस्टँडपर्यंत आला. तिकिटं काढून दिली. बहिणीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. गाडी सुटताना तिनंच त्याच्या हातावर हात ठेवला. मला तेही आवडलं नाही.

पिंपळनेरला थंडी धुळ्याहून कडक. डोंगर जवळ, भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, सकाळी त्यांच्यावर दाट धुकं. वसतिगृह म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि एक पडवी. मी नंतर जमेल तेव्हा जात राहिले. माहेरी जाते सांगून जायचे, मग तेही सांगणं सोडलं. अक्का तिथे रुजली. पोरींची बोली निराळी, हिची निराळी, दोघींनी मिळून तिसरीच तयार केली होती. पोरी तिलाही अक्काच म्हणायच्या. केस वाढून तिची वेणी पाठीवर आली, एखादी पोरगी बसून ती घालून द्यायची. तापानं फणफणलेल्या पोरीसाठी ती तपकिरीत मऊ भात आटवायची, कुणाची पाळी असली तर गूळ घालून काहीतरी गोड भाजायची. एका उन्हाळ्यात कुण्या पोरीनं गरम भांड्यात गार पाणी ओतलं आणि ते मधोमध तडकलं. मला हळहळ वाटली. अक्का म्हणाली, "पोरगी भाजनी नही ना? मंग जाऊ दे."

मला वाटतं तिचं तिथे चांगलं चाललं होतं, यानंच घरातल्यांना सगळ्यांत जास्त टोचलं. ती उपाशी मेली असती, परत येऊन पाया पडली असती, तर तिच्यावर त्यांनी दया केली असती. आमच्या घरात दयेची उणीव नव्हती.

काही वर्षांनी नाना अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी अक्काचं नाव घ्यायला लागले. यजमान स्वतः पिंपळनेरला गेले, पहिल्यांदाच. तिनं भावाला जेवायला वाढलं, नानांची सगळी विचारपूस केली, डॉक्टर काय म्हणतो, झोप लागते का, अंथरूण कोण बदलतं. मग म्हणाली, "सांग त्यास्ले, मी आठे सुखमां शे." आणि आली नाही.

नाना गेले. दिवसकार्याला मोठमोठी माणसं आली, चांगली भाषणं झाली. स्त्रियांबद्दल त्यांना किती आदर होता, यावर एक जण बराच वेळ बोलला. आणि बायकांच्या घोळक्यात कुजबुज, की पोटची पोर, बाप मरताना आली नाही, काळीज दगडाचं आहे. मी तिथेच म्हटलं, "न्हावी बोलावला होता, ते पण सांगा." पुढच्या क्षणी एकीनं विषय बदलला. आजही घरात ही गोष्ट निघते तेव्हा ती अक्का किती निष्ठुर होती, याचीच असते. न्हाव्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मी आज सुप्रियाला हे लिहून देते आहे.

एक गोष्ट राहिली. नाना गेल्यावर वर्षाच्या आत सासूबाईंनी पत्र्याची पेटी भरली आणि मुलांना सांगितलं, "मी पिंपळनेरले जास." मुलं नको नको म्हणाली, लोक काय म्हणतील म्हणाली. त्या गेल्या. आणि अक्कानं त्यांना ठेवून घेतलं.

मला हे कळलं तेव्हा मी संतापले. पुढच्या आठवड्यात गाडीत बसून पिंपळनेर गाठलं. सासूबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, "उनी का?" म्हणाल्या. मी सरळ आत गेले.

"त्यांना कशाला ठेवलंस?" मी अक्काला विचारलं. "त्या दिवशी रिकामं जातं ओढत बसल्या होत्या त्या. विसरलीस?"

"नही," अक्का म्हणाली. ती पीठ मळत होती. "इसरनी नही."

"मग?"

"माय शे," ती म्हणाली. मग पिठाचा गोळा उलटा करून म्हणाली, "तू तुन्हा राग ठेव. सोड असं मी नही सांगस. मन्हा हात कामात शेतस."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. मी जेवले, पोरींशी बोलले, संध्याकाळच्या गाडीला निघाले. अक्काला पोरींची जेवणं वाढायची होती, म्हणून सासूबाई मला पोचवायला मोटारस्टँडवर आल्या. गाडी लागली, लोक चढायला लागले. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"मी तव्हय बोलाले जोयजे व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

आणि हात सोडवून मी गाडीत चढले.